बारा म्हशींचं गवत

३ एप्रिल

बारा! चाचा बारा म्हणाले, आणि मीही बारा लिहिलं.

तलाठी वाघेलाभाई सकाळीच शाळेच्या ओट्यावर टेबल टाकून बसले होते. दुष्काळ जाहीर झालाय, घासकार्ड निघणार, जितक्या म्हशी तितकं गवत. दर म्हशीला दिवसाला चार किलो. आमच्या वस्तीतले, वांढीतले पुरुष एकेक करून टेबलापुढे येत होते. लिहायला मी — दूध मंडळीची मंत्री, म्हणजे दुधाच्या सोसायटीची सचिव, अख्ख्या वांढीत दहावी झालेली एकटी. सगळे एका सुरात खोटं बोलत होते. पंधरा असलेला सहा म्हणाला. चाळीस असलेला म्हणाला, असतील सात-आठ, अल्लाहची मेहेरबानी.

जितराबाचा आकडा तोंडाने सांगायचा नाही. सांगितला की माल घटतो. दूध प्यायला लागल्यापासून हे ऐकत आलेय. कुणी विचारलं तर "थोड्या आहेत" म्हणायचं आणि पावसापाण्याचं काढायचं. आजवर त्याने कुणाचं बिघडलं नाही, कारण आजवर कुणी आकडा विचारून गवत दिलं नव्हतं.

वाघेलाभाईंनी चाचांना तीनदा समजावलं. काका, गवत यावरच मिळणार, नीट आठवून सांगा. चाचा हसले. म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची असते, भाई. बारा लिहा."

एकतीस आहेत. एकतीसही मला नावानिशी पाठ आहेत. पण चार माणसांत सासऱ्याचा शब्द कसा खोडायचा? त्यात सासरे म्हणजे सख्खे काका. सून म्हणून गप्प बसायचं की पुतणी म्हणून भांडायचं, हे मला अठरा वर्षांत ठरवता आलेलं नाही. आजही ठरलं नाही. लिहून मोकळी झाले.

४ एप्रिल

बारांचं गवत एकतीस तोंडांत. दीड किलोच्या जरा वर. म्हशीच्या एका गालातही मावेल.

९ एप्रिल

पहिलं गवत आलं. सहा कोसांवरच्या डेपोतून छकड्यात भरून आणलं, आठवड्याचं एकदम. जुनं गवत आहे, वास मारतं, पण आहे.

चाचा वाटायला बसले. त्यांची वाटणी ठरलेली — प्रत्येकीला एक कवळ, सगळ्यांना सारखं. दूध देणारीला तेवढंच, भाकडीला तेवढंच, आणि ती खांडी, एक शिंग मोडलेली, निम्मे दात पडलेली, तिलाही तेवढंच. मी म्हटलं, चाचा, गाभण आहेत त्यांना आधी घाला. दुधातल्यांना घाला. पशुवैद्यही हेच सांगून गेलेत. सगळ्यांना सारखं घालाल तर सगळ्या सारख्याच मरतील.

ते कवळ टाकत राहिले. मग म्हणाले, "खांडीच्या दुधावर तुझ्या दोन्ही पोरी वाढल्या. तिला तू सांग, आजपासून तुला नाही म्हणून. मी नाही सांगणार."

हे काय उत्तर झालं?

माझी ढेल सातव्या महिन्यात आहे. माझी म्हणजे माझीच — लग्नात आईने दिलेल्या म्हशीची नात. जून-जुलैला व्यायची. तिच्या बरगड्या आत्ताच दिसायला लागल्यात. तिला मी माझ्या पदरात लपवून दोन मुठी जास्त घातलं. चाचांनी पाहिलं असावं.

११ एप्रिल

नवऱ्याचा, हासमचा फोन. कंडल्याला ट्रेलरच्या खेपा चालू आहेत, पंधरवड्याने येईन म्हणतो. मी त्याला सगळं सांगितलं. म्हणाला, बाबांना बोलून काही उपयोग नाही, त्यांच्या बापानेही कधी आकडा सांगितला नव्हता. मी म्हटलं, त्यांच्या बापाला घासकार्डही नव्हतं. तो हसला. मला हसू आलं नाही.

१४ एप्रिल

मंडळीत आज नव्वद लिटर दूध. गेल्या वर्षी याच दिवशी तीनशे दहा होतं.

संध्याकाळी म्हशी रानात चरायला निघतात आणि पहाटे आपल्या आपण परत येतात, ही आमच्याकडची रीत. कुणी हाकत नाही. आता रानात चरायला आहेच काय! गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, तेवढा हिरवा, त्याला काटे. पहाटे येतात त्या पोटं खपाटीला गेलेल्या. चाचा दाराशी उभे राहून एकेकीचं नाव घेतात. मोरी. लाखी. भोजी. ढेल. जिचं नाव घेतलं ती मान वर करते. मी एकदा म्हटलं होतं, ही मोजणीच झाली की! ते म्हणाले, मोजणी नाही, हाक आहे. हाकेने कुणी घटत नाही.

१६ एप्रिल

वाघेलाभाई मंडळीत आले होते, चहाला. मी सहज विचारलं, समजा कुणाचा आकडा चुकला असेल तर? ते माझ्याकडे नीट बघत म्हणाले, वीस तारखेपर्यंत दुरुस्ती होते, जेनाबेन. मालकाने यायलाही नको, मंडळीच्या मंत्रीने दुधाच्या नोंदीवरून सहीचा कागद दिला तरी चालेल.

माणूस चांगला आहे. चार वर्षं आमच्यात राहून त्याला कळलंय, इथे काय बोलतात आणि काय नाही.

१९ एप्रिल

लिहिलं. चाचांचं नाव, सुमार जुसब, म्हशी एकतीस. खाली माझी सही, मंडळीचा शिक्का.

मी कुणापुढे उच्चारलं नाही. लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे. कागद दुमडून वाघेलाभाईंच्या हातात दिला, त्यांनीही न वाचता खिशात टाकला.

चाचांना सांगणार आहे. गवत आल्यावर सांगेन. गवत बघून राग थोडा कमी येईल.

२५ एप्रिल

कपाळाला हात लावावा की काय करावं!

आज डेपोवर चाचा गेले होते. एकतीसांचं गवत मिळालं — आठशे अडुसष्ट किलो. छकड्याच्या दोन खेपा झाल्या असत्या. आणि चाचांनी काय केलं? तिथेच उभं राहून सांगितलं, तुमचा हिशेब चुकलाय, माझं बारांचं आहे, तेवढंच द्या. डेपोवाला म्हणतो, काका, कागदावर तुमचंच नाव आहे. हे म्हणतात, कागद चुकला असेल, मी बारा बोललोय. बाकीचं गवत उतरवून ठेवलं आणि बारांचं घेऊन आले. वर मला अभिमानाने सांगतात, सरकारी माणसं गोंधळी असतात, पण हरामाची एक काडीही आपल्या दावणीला आलेली नाही.

खोटा आकडा सांगायला जीभ अडखळत नाही, आणि त्या खोट्याच्या वर एक काडी घ्यायची म्हटलं की हराम! या माणसाचं मी काय करू?

आत जाऊन रोटला थापत बसले. तीन रोटले करपले.

२६ एप्रिल

पाचशे किलोच्या वर. दुसऱ्या गावच्या लोकांनी वाटून घेतलं म्हणे. ढेल आज माझ्या ओढणीचा कोपरा चावत होती.

२७ एप्रिल

सांगितलं.

सकाळी दूध घालून झाल्यावर ते बाजेवर बसले होते, मी जमिनीवर बसले आणि सांगून टाकलं. कागद मी दिला. एकतीस मी लिहिलं. गवत तुमचंच होतं.

मग विचारलं, "कुणापुढे बोललीस?"

"नाही. फक्त लिहिलं."

"कागद कुणीतरी वाचेलच ना, जेना. आणि वाचणाऱ्याला तोंड असतं."

ओरडले असते तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं. उठले, काठी घेतली आणि म्हणाले, पुढच्या गुरुवारी पूर्ण गवत आणीन, आता कागदावर माझं नाव आहे तर तो आकडा माझाच झाला. एवढंच.

आज पहाटे म्हशी आल्या तेव्हा त्यांनी नावं घेतली नाहीत. दार उघडलं आणि बाजूला झाले.

४ मे

पूर्ण गवत आलं. दर म्हशीला चार किलो. चार किलोही काही पोटभर नव्हे, पण दीडच्या पुढे मेजवानी! भोजीने दोन दिवसांत पाव लिटर दूध वाढवलं. मी हासमला फोन करून सांगितलं, बघ. तो म्हणाला, बाबा कसे आहेत? मी म्हटलं, जेवतात. बोलत नाहीत.

६ मे

दुपारी मंडळीत एक जण आला. दूध घालून झालं तरी जाईना. शेवटी हळूच म्हणतो, बहेन, आमचंही नीट करून दे, पण मोठ्याने वाचू नकोस. संध्याकाळपर्यंत आणखी चौघे. छकड्यावरचं गवत सगळ्यांनी पाहिलंय. दुरुस्तीची तारीख गेली, तरी वाघेलाभाई म्हणाले, घेऊ.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. अख्खी वांढ पिढ्यान् पिढ्या मूठ झाकून बसली होती आणि ती मी उघडली, असंच काहीसं.

भचीमासी मात्र म्हणाली, माझ्या दोनच आहेत आणि मी दोनच सांगितल्या, दोनातून आणखी काय कमी करू? विधवा बाई, त्या दोन म्हशींवर जगते. आम्ही दोघी हसलो.

१८ मे

हसलो होतो!

डेपोत गवत येतं ते तेवढंच येतं. तेवढंच येणार होतं. हळूहळू सगळ्यांनीच दुरुस्ती केली, आकडे दुप्पट झाले, ट्रक दुप्पट झाले नाहीत. वाघेलाभाईंनी आज सांगितलं, या आठवड्यापासून दर म्हशीला दोन किलो. त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं. वरती दोनदा कळवलंय म्हणाले.

म्हणजे झालं काय? ज्यांनी निम्मं सांगितलं होतं ते फिरून होते तिथेच आले. आणि ज्यांनी खरं सांगितलं होतं त्यांचं निम्मं गेलं. मासीच्या दोन म्हशींना आठ किलो मिळायचं, आता चार.

मी हे आधी का नाही बघितलं? दहावी पास! मंत्री!

२० मे

डेपोवर रांग होती. बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, तीन वांढींची माणसं. मी पुढे होते. मागून भचीमासी मोठ्याने म्हणाली, "सरका गं, एकतीस म्हशींच्या मालकिणीला आधी घेऊ द्या. एकतीस! आमच्या दोघी थांबतील."

पुरुषांच्या रांगेत चाचा उभे होते. सगळ्या रांगेने ऐकलं. कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्याने कानाला हात लावून तोबा केली.

मासीला मी काय बोलू? तिच्या जागी मी असते तर याहून वाईट बोलले असते.

घरी येताना छकड्यात चाचा गठ्ठ्यांवर बसले होते, पाठ माझ्याकडे. उतरताना मला हात दिला. मला वाटलं होतं, देणार नाहीत.

२४ मे

दोन किलोत भागणार नाही. ढेलला आता दोघांचं पोट आहे. मी बावळीच्या शेंगा वेचायला लागलेय. गोड असतात, गुरं आवडीने खातात. वेचून आणायच्या, गवतात मिसळायच्या. आज दोन पोती झाल्या. हातांची चाळण झालीय काट्यांनी.

२९ मे

शेंगांची युक्ती लागू पडली! दावणीत घातल्या की पाच मिनिटांत साफ. कितीतरी दिवसांनी त्यांचं पोट भरल्यासारखं दिसलं. चाचा बघत होते. म्हणाले, इतक्या नको घालूस. मी म्हटलं, तुम्हाला तर काहीच घालायला नको असतं. बोलून गेले. नको होतं बोलायला.

२ जून

खांडी गेली. लाखीसुद्धा.

दोघीही सकाळपासून पोट फुगवून बसल्या होत्या. रवंथ बंद. दुपारी खांडी, सूर्य कलल्यावर लाखी. पशुवैद्य आले तोवर लाखीचा श्वास चालू होता. म्हणाले, शेंगा. उपाशी पोटी इतक्या शेंगा एकदम, वर पाणी कमी, पोटात गोळा झाला. मूठभर घालायच्या असतात, बाई, पोतंभर नाही.

बाहेर बायका जमल्या होत्या. त्यांचं वेगळंच. रांगेत आकडा बोलला गेला, तेव्हाच ठरलं होतं.

माझ्यासाठी कुठे सुटका आहे यात? शेंगा म्हणा, तर त्या मी घातल्या. आकडा म्हणा, तर तो मी लिहिला. दोन्हीकडून मीच.

३ जून

एकोणतीस.

चाचा डेपोवर जाऊन सांगून आले. आकडा नाही — नावं. खांडी गेली, लाखी गेली, लिहून घ्या. वाघेलाभाईंनी लिहिलं आणि आमचं रोजचं चार किलो कमी केलं.

५ जून

अठ्ठावीस. हीर.

हिने शेंगा खाल्ल्या नव्हत्या. दात नव्हते तिला. उन्हाने असेल. उपासाने असेल. मी विचारायचं सोडलंय.

८ जून

पंचवीस. तीन दिवसांत तीन. नावं लिहायला हात होत नाही.

काय वेडेपणा आहे पाहा — काल दूध लिहून घेताना माझा हात वहीवर थांबला. बेरीज करायची होती आणि मला वाटलं, नको. नुसती दुधाची बेरीज! मग केली. चिडून केली.

११ जून

चाचांनी आज वाटणी मोडली.

पहाटे म्हशी आल्या. दारात चाचा उभे, आणि कितीतरी दिवसांनी त्यांनी नावं घेतली. मला वाटलं, राग गेला. घेतलं नाव की ती आत. भोजी. मोरी. ढेल. अशा चौदा घेतल्या. आणि मग बावळीचं काटेरी झुडूप ओढून दार बंद केलं.

अकरा बाहेर राहिल्या. भाकड, म्हाताऱ्या, आणि ती दोन वर्षांची लंगडी कालू. त्या नुसत्या उभ्या राहिल्या. नाव घेतलं जाईल म्हणून मान वर करून.

चाचा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू म्हणत होतीस तसं केलंय. पंचवीसांचं गवत चौदांत वाट. ढेलला जास्त घाल."

आमच्याच बाहेरच्यांच्या नावाचं गवत आमच्याच आतल्यांना. चाचांनी — ज्यांनी पाचशे किलो परत केलं त्यांनी! मी कवळ टाकत होते आणि कुंपणापलीकडून वास घेतल्याचे आवाज येत होते. एप्रिलपासून मी हेच तर सांगत होते. बरोबरच होतं ते, अजूनही बरोबर आहे. पण सांगताना माझ्या डोळ्यांपुढे आतल्या म्हशी होत्या. बाहेरच्या नव्हत्या.

१२ जून

उभ्या आहेत.

१३ जून

सात उभ्या आहेत. चौघी कुठे गेल्या माहीत नाही. कालू काट्यांतून तोंड घालते, नाकपुडीतून रक्त येतं. मी पाणी ठेवलं. चाचांनी बघूनही न बघितल्यासारखं केलं.

१५ जून

कुणी नाही बाहेर. उत्तरेला रणाकडे, खाऱ्या वाळवंटाकडे गेल्या असतील. तिकडे काही नाही.

चाचा डेपोवर जाऊन अकरा नावं सांगून आले. वाघेलाभाईंनी विचारलं, मेल्या? तर म्हणाले, गेल्या. परत येऊन जेवले नाहीत. ताकाचा पेला तसाच.

हासम आलाय दोन दिवस. बाहेरच्या काट्यांना लागलेले केस बघून आला आणि माझ्याशी बोलला नाही. बापाशीही नाही. आपल्या घरात आता सगळे एकमेकांशी न बोलण्यात पटाईत झालेत.

२१ जून

एक चांगली बातमी! वाघेलाभाई म्हणाले, नवीन हुकूम आलाय, व्यालेल्या म्हशीला रोज दोन किलो खुराक, दोन महिने. पेंड-भरड्याचा, गवत वेगळं. अट एकच — पारडू जन्मलं की नोंदवायचं. तलाठ्याने बघायचं, मंडळीच्या मंत्रीने लिहायचं.

ढेलसाठीच काढलाय जणू हुकूम. तिच्या अंगावर आता फक्त पोट आणि शिंगं आहेत. ही व्याली तरी दूध कुठून आणणार? दोन किलो खुराक म्हणजे तिचा जीव आहे आणि पारडाचाही. मी चाचांना सांगितलं. नोंदवायचं म्हटल्यावर उठायला लागले. मी म्हटलं, हे तरी अडवू नका. ते म्हणाले, अडवलं कुठे कधी?

२६ जून

मासीची थोरली म्हैस गेली.

मी गेले होते. मला वाटलं दारातून हाकलेल. तिने चहा केला. बिनदुधाचा. म्हणाली, "तुझ्या वाईटावर नव्हते गं मी त्या दिवशी. तोंडातून निघालं. तुझ्या गेल्या तेव्हा मी किती रात्री झोपले नाही." तिला वाटतं, तिच्या जिभेने माझ्या म्हशी मारल्या. मला वाटतं, माझ्या लेखणीने तिची मारली. दोघी चहा पीत बसलो. वेडगळ बायका दोन.

मी तिला म्हणाले, मासी, असं काही नसतं. आकड्याने कुणी मरत नाही. गवत नव्हतं म्हणून मेल्या. ती हो म्हणाली. मला वाटतं आम्हा दोघींनाही ते पटलं नाही.

३० जून

बारा. मोरी काल, आणि आज भोजी. भोजीचं पारडू आधीच गेलं होतं. भोजी काल संध्याकाळपर्यंत दूध देत होती!

३ जुलै

ढेलची कास भरायला लागलीय. इतक्या सुकल्या अंगाला कास कुठून येते? दिवसभर तिच्यापाशी बसून आहे. मंडळीत दूध घ्यायला मासीला बसवलं — आहेच किती दूध.

चाचाही येऊन बसले. जाताना त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, थोडा वेळ तसाच. मग माझ्या डोक्यावर ठेवला. दोन महिन्यांनी.

५ जुलै

अजून नाही. आभाळ कोरडं. मंडळीतून परत येताना एका बाईने विचारलं, आता किती राहिल्या गं? मी म्हटलं, आहेत. घरी आल्यावर आठवलं की मी असं म्हणाले.

७ जुलै

काल सकाळी ढेल व्याली. मुलगा की मुलगी ते लिहीत नाही. रंगही लिहीत नाही. उभं राहिलं, प्यायलं, एवढंच.

आज वाघेलाभाई शाळेच्या ओट्यावर नोंदी घ्यायला बसले होते, वांढीतले सगळे पुरुष जमलेले. लिहायला मी. चाचा काठी टेकत टेबलापुढे आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्या घरी एक वाढलंय. लिही, जेना. खुराक चालू कर." त्यांनी आयुष्यात कधी असं बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. त्यांच्या मानेची शीर उडताना मला दिसत होती. माझ्यासाठी बोलले ते.

पेन माझ्या हातात होतं. मी म्हणाले, नाही, वाघेलाभाई, काही वाढलेलं नाही. चाचांना हल्ली डोळ्यांनी कमी दिसतं, काहीबाही वाटतं त्यांना.

चाचा माझ्याकडे बघत राहिले. मग वाघेलाभाईंकडे वळून म्हणाले, हो, हल्ली दिसत नाही नीट.